भिंती शाबूत आहेत

वसुबारसेच्या तीन दिवस आधी, 14 ऑक्टोबर 2025 ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा पाठिंबा थांबवला. फोंडाघाटात तेव्हा भातकापणीची घाई होती. संध्याकाळपर्यंत तिघं जण दुकानात येऊन एकच व्हिडिओ दाखवून गेले: ‘तुमचा कॉम्प्युटर उद्यापासून बंद!’ चौथे एक आंबा बागायतदार काका. त्यांनी तर सीपीयू टेम्पोत घालूनच आणला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, “बाय, हो आता भंगारात घालूचो काय?”

गेली एकोणीस वर्षं मी इथल्या बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं आणि पुढे महिनाभर रोज देत राहिले. ते नीट मांडायला जागा हवी होती, म्हणून हा लेख.

पाठिंबा थांबला म्हणजे काय, ते काकांना मी घराच्या भाषेत सांगितलं. दर मे महिन्यात आपण छपराचे नळे परतून घेतो. फुटलेला नळा बदलतो, सरकलेला जागेवर बसवतो. विंडोजला दर महिन्याला येणारे सुरक्षेचे अपडेट म्हणजे हेच काम. कुठे फट सापडली की कंपनी ती बुजवते. 14 ऑक्टोबरपासून नळे परतणारा माणूस यायचा बंद झाला, एवढंच घडलं. घर दुसऱ्या दिवशी पडत नाही. पण पावसाळे जातील तसं गळायला लागेल, आणि त्या घरात तुम्ही बँकेची कागदपत्रं ठेवली असतील तर ती भिजतील. तेव्हा दुर्लक्ष करून चालणार नाही, हे खरंच. पण म्हणून चिऱ्याच्या भिंती पाडून नवं घर कोण बांधतं?

काकांचा सीपीयू उघडला. 2016 साली घेतलेलं यंत्र, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम. आत पंख्यावर धुळीचा जाड थर, कोपऱ्यात मुंग्यांनी आणून टाकलेली माती आणि पॉवर सप्लायच्या जाळीपाशी पालीचं एक रिकामं अंडं. आमच्याकडे हे नेहमीचं. घाटाखालचा पाऊस आणि दमट हवा यंत्राच्या आत शिरतेच. मी रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, काळपट पापुद्रा निघून गेला. मग मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी बदलली. काकांची मूळ तक्रार ‘बँकेची साइट उघडत नाही’ ही होती आणि ती त्यांनी व्हिडिओतल्या बातमीशी जोडली होती. खरं कारण ही बॅटरी. ती संपली की वीज गेल्यावर यंत्राचं घड्याळ मागे जातं. काकांच्या यंत्रात 2015 साल लागलं होतं. बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नाही, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. तारीख दुरुस्त झाली, साइट उघडली. पाच मिनिटांचं काम आणि शंभराच्या आतला खर्च.

हे यंत्र विंडोज 11 घेणार नाही, हेही मी त्यांना तिथेच सांगितलं. त्या प्रणालीला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ती पिढी बाजारात आली 2017 साली. म्हणजे त्याआधीची यंत्रं धडधाकट असली तरी यादीच्या बाहेर. कंपनीचं म्हणणं, हे सुरक्षेसाठी आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण चालत्या यंत्राचा शेवटचा दिवस कंपनीच्या वेळापत्रकावरून ठरावा, हे मला मान्य नाही. तो दिवस यंत्राच्या तब्येतीवरून आणि मालकाच्या कामावरून ठरला पाहिजे.

मग करायचं काय? घरच्या वापराच्या विंडोज 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ मिळते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत. एरवी 30 डॉलर. ही सोय आहे हेच बहुतेकांच्या कानावर आलेलं नाही. नव्या लॅपटॉपची जाहिरात मात्र आली आहे. ज्याला विंडोज लागतंच, त्याने आधी ही मुदतवाढ घ्यावी आणि त्या वर्षभरात शांतपणे विचार करावा.

विंडोज लागतंच असे लोक आहेत. टॅली विंडोजवरच चालते. ठेकेदारांच्या ई-निविदेचं डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र, लग्नासाठी पत्रिका जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर, यांचं गणित विंडोजशी बसलेलं असतं. हे मी चूक करून शिकले. एका पतसंस्थेच्या यंत्रावर मी उत्साहाने विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं ठशाचं यंत्र ओळखलंच जाईना. माणसं काउंटरपुढे ताटकळली. रात्री बसून मी सगळं पूर्ववत केलं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो: या यंत्रावर तुम्ही रोज काय काय करता? ते ऐकून घेतल्याशिवाय मी पेन ड्राइव्ह लावत नाही.

काकांचं उत्तर होतं: बँक, मेल, आंबापेटीचा हिशेब, आणि नातवाचा व्हिडिओ कॉल. एवढ्यासाठी लिनक्स मिंट पुरून उरतं. मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, आणखी चार जीबी रॅम घातली आणि मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे नळे परतणारा पुन्हा येऊ लागला, भिंती त्याच. आधी सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घेणारं यंत्र आता पाणी ठेवेपर्यंत उभं राहतं. काकांनी ब्राउझर ओळखला, हिशेबाचा तक्ता ओळखला, आणि घरी घेऊन गेले. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 साली छंद म्हणून सुरू केलेली प्रणाली म्हणजे लिनक्स. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तिचाच गाभा आहे. तिला घाबरण्यासारखं काही नाही, कारण आपण ती रोज हातात घेऊन फिरतो.

इथे बाजारपेठेतल्या मुलांचं बोलणं वेगळं असतं. कॉलेजातली पोरं येतात ती थेट ‘एआय लॅपटॉप’ विचारत. त्यांना मी खाली बसवून समजावते. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट प्लस असा शिक्का मिळायला लॅपटॉपमध्ये सेकंदाला 40 लाख कोटी गणितं करणारा वेगळा प्रोसेसर आणि 16 जीबी रॅम लागते, हे खरं. पण तू ज्या एआयला प्रश्न विचारतोस ते बहुतेक वेळा तुझ्या यंत्रात नसतंच, ते दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतं आणि साध्या फोनवरूनही तितकंच चांगलं उत्तर देतं. कर्ज काढून शिक्का विकत घेऊ नकोस. त्याच डेटा सेंटरांनी बाजारातली मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव चढलेत. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने तर क्रूशल या नावाने तुम्हा-आम्हाला रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत कपाटात पडलेल्या जुन्या यंत्रातली आठ जीबीची पट्टी म्हणजे घरात ठेवलेले पैसे. तिला भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने घालणं मला बघवत नाही.

शाळांबद्दल आणि कार्यालयांबद्दल मला सगळ्यात कळकळीने बोलायचं आहे. दर काही वर्षांनी यंत्रं ‘निर्लेखित’ होतात आणि लिलावात ढिगाने जातात. त्यातली किती खरोखर मेलेली असतात? माझा अनुभव सांगतो की बरीचशी एका एसएसडीने आणि स्वच्छतेने उठून बसतात. केरळच्या सरकारी शाळांत काइट ही संस्था स्वतःची लिनक्स प्रणाली पुरवते आणि मुलं त्यावरच शिकतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेकडे 1988 पासून भारतीय भाषांचं काम आहे. बॉस नावाची लिनक्स प्रणाली, तीही मराठीसकट, सी-डॅकच्याच चेन्नई केंद्राने केली. केंद्राने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं, ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल 2023 पासून लागू आहेत. एवढं सगळं हाताशी आहे. मग जिल्हा परिषदेने लिलावाआधी प्रत्येक यंत्र एका जाणकाराकडून उघडून तपासायचं, एवढी एकच अट घालावी. त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही. तालुक्या-तालुक्यात माझ्यासारखे दुरुस्ती करणारे आहेत, ते आनंदाने बसतील.

यंत्रं टाकताना आणखी एक गोष्ट मरते, आणि ती मला पैशांहून जास्त लागते. ती म्हणजे त्यातलं मराठी.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी वीस वर्षांपूर्वी घाटमार्गावरच्या वाड्यांची माहिती टाइप करून ठेवली होती. कुठली पाणंद कुठे निघते, दाजीपूरकडे चढताना बैलगाडीवाले कुठे थांबत, कुठल्या झऱ्याला काय म्हणत. हे सगळं एका जुन्या फॉन्टात. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आमच्या गावांपर्यंत ती फार उशिरा पोचली. मुखवटा काढला की खाली उरतो इंग्रजी अक्षरांचा कचरा. गुरुजींच्या मुलाने नवा लॅपटॉप घेऊन दिला, फाइल त्यात घेतली आणि गुरुजींना आपलंच लिहिलेलं वाचता येईना. ते दुकानात आले तेव्हा पडद्याकडे बोट दाखवून काही बोललेच नाहीत.

जुना सीपीयू अजून विकला नव्हता, हे नशीब. त्यातून फॉन्ट काढला, परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणला. पण परिवर्तक ऱ्हस्व वेलांटीपाशी अडखळतो, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. आणि ‘ऱ्य’ तर हमखास मोडतो. आमच्या मुलखाचं वर्णन म्हणजे दऱ्या, झऱ्याचं पाणी, चिऱ्याच्या भिंती आणि खोऱ्यातल्या वाड्या, तेव्हा प्रत्येक ओळीत चुकीची अक्षरं. म्हणून एकेक शब्द हाताने तपासावा लागतो. गुरुजी शेजारी बसून वाचतात, मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर दुरुस्त करते. काही ठिकाणी ते थांबतात, “हे असं नाही, ती वाडी आता उठली,” म्हणतात, आणि नवीन ओळ सांगतात. ती ओळ जुन्या फाइलमध्ये नव्हती.

त्यांच्या जुन्या यंत्रावर मी मिंट टाकलं आहे, लिबरऑफिस मराठीत. जवळजवळ नव्वद पानं आहेत. दुकान बंद केल्यावर रोज दोन-तीन पानं होतात. लाइट गेली तर त्या दिवशी तेवढीच.