'निर्मनुष्य' या विशेषणाविषयी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही, पण सागर आहेत. कोयना धरणामागचा शिवसागर आणि वारणेवरचा वसंतसागर. या जलाशयांच्या काठावरील अरण्यात केलेल्या भटकंतीची ललित वर्णने मराठीत उदंड झाली आहेत. त्यांतील एका विशेषणाला आमचा आक्षेप आहे: 'निर्मनुष्य'.

वर्णनाचा मार्ग ठरलेला असतो. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची, लाँचने शिवसागर ओलांडायचा, मेट इंदवलीच्या काठावर उतरायचे आणि गर्द झाडीतून वासोट्याची चढण धरायची. वाटेत गव्याचे शेण, शेकरूची झेप. परतताना पाण्याकाठची 'आदिम शांतता' आणि मानवी स्पर्श न झालेल्या भूमीचे गहिवर. वस्तुतः मेट म्हणजे गडाच्या पायथ्याशी किंवा उतारावर असलेली पहाऱ्याची चौकी. ज्या गावाच्या नावातच पहारेकरी आहे, तिथे उतरणारा लेखक पहिल्याच परिच्छेदात माणूस नसल्याची ग्वाही देतो! पुढे ओढ्यापाशी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात. त्यांना 'पुरातन' म्हटले की काम भागते. त्यांची पूजा कोण करीत होते आणि ते कुठे गेले, हा प्रश्न उरत नाही.

ते गेले, कारण एकोणीसशे साठच्या दशकात खोऱ्यात पाणी चढले. काही कुटुंबे डोंगरावर सरकली, काही सोलापूर, ठाणे, रायगडकडे गेली. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दरम्यान आणखी गावे उठली. गव्यांना आणि अस्वलांना हे रान मिळाले, याचे आम्हांला वाईट वाटत नाही. परंतु उठवलेल्या वस्तीला निसर्गतः रिकामी जागा म्हणणे हे वर्णन नव्हे, ती सारवासारव आहे.

ललितगद्य म्हणजे गॅझेटियर नव्हे, असे यावर म्हटले जाईल. मान्य. पण 'सत्तांतर'सारखी वानरांची कादंबरी लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर याच सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचे, आणि 'बनगरवाडी'ही त्यांचीच. प्राणी दिसण्यासाठी माणसे पुसावी लागतात, असे त्यांना कधी वाटले नाही. याच जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य तर उघड्या डोंगरावर माणसांनी लावून वाढवलेले, धों. म. मोहित्यांचे नाव घेतल्याशिवाय त्याविषयी कोणी लिहीत नाही. लावणाऱ्यांची नावे आठवतात, उठणाऱ्यांची नाही.

आमच्या वर्गांतूनही हेच चालते. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) आली की धरणग्रस्त हे ग्रामीण वास्तव ठरते. तसल्याच धरणाचा काठ प्रवासवर्णनात आला की तो निसर्गसौंदर्य होतो. दोन पाठ, दोन स्वतंत्र प्रश्न, आणि उत्तरपत्रिकेत एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. निदान एकदा हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून, वासोट्याच्या वाटेवरील गावांची नावे फळ्यावर लिहून शिकवून पाहावे.