ओढण्याचे पैसे मिळतात, थांबण्याचे कोण देणार?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा गावाकडचा आहे. पण म्हणून कोथरूड-हिंजवडीच्या वाचकांनी लगेच खिडकी बंद करू नये. दिवाळीत गावी जाताना नगर सोडलं, कडा-आष्टीच्या अलीकडे पलीकडे कुठेतरी अंधारात उसाच्या दोन ट्रॉल्या अचानक तुमच्या बोनेटसमोर प्रकट होतात ना? मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि वर वाढ्यांचे शेंडे लोंबतायत. त्यांच्याबद्दलच लिहितोय.

आणखी एक कारण आहे. मराठवाड्यातून येऊन पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना दसऱ्याच्या दोन-तीन महिने आधी एक ठरलेला फोन येतो. चुलतभाऊ, मावसभाऊ, मेव्हणा, कुणीही असो. "दादा, ट्रॅक्टर घ्यायलोय. डाऊन पेमेंटला जरा बघ की." यंदा मलाही आला. केज तालुक्यात राहणारा माझा धाकटा चुलतभाऊ. शेती चार एकर, त्यातली दीड एकर पाण्याखाली. म्हणजे ट्रॅक्टर शेतीसाठी नाही हे उघड आहे. ट्रॅक्टर ओढायला हवाय. ऊस ओढायला.

आमच्या ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यांना पिकअप ट्रकचं वेड असतं. तीन तीन टनांचे राक्षस घेतात आणि वर्षातून दोनदा होडी ओढतात. (बाकी वेळ किराणा.) आपल्याकडे तसला प्रकार नाही. आपल्याकडचा 'हेवी ड्युटी' ओढणारा म्हणजे पन्नास-पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर. देशात वर्षाला नऊ लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले जातात, जगात सगळ्यात जास्त. बीड जिल्ह्यात मात्र धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागात मोठ्या ट्रॅक्टरचं गणित नांगरणीवर कमी आणि गळीत हंगामावर जास्त बसतं. पूर्वी बैलगाडी घेऊन माणसं कारखान्यावर जात, आता बरेच जण ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेऊन जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे हा फोन यंदा अनेकांना आला असणार.

तर आमचे बंधुराज म्हणाले, "दादा, पंचावन्नचाच घ्यायचा. पंचेचाळीसच्याला लोक हसायलेत." जॉन डिअर का न्यू हॉलंड यावर गावात जे वाद होतात ते मी ऐकलेत, आपल्याकडच्या जावा विरुद्ध डॉट नेटच्या वादांपेक्षा कडवट असतात :) ब्रँडवर मी काही बोलणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या व्यवहारात पैसा चुकीच्या टोकाला लागतो. एचपीवर लाख-दोन लाख जास्त टाकायला प्रत्येक जण तयार असतो आणि ट्रॉलीच्या ब्रेकवर रुपया नाही.

आता जरा आकडेमोड करू. घाबरू नका, आठवीचं गणित आहे.

ट्रॅक्टर अडीच टन, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन, ऊस साडेएकोणीस टन. एकूण २६ टन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर एवढं वजन नुसतं गडगडत ठेवायला त्याच्या साधारण दोन टक्के, म्हणजे अर्धा टन ओढ लागते. वीसाला एक असा चढ आला की त्यात १.३ टनांची भर. म्हणजे घाटात १.८ टन ओढ हवी. पंचावन्न एचपीचं इंजिन ही ओढ ताशी सातएक किलोमीटर वेगाने देऊ शकतं. पंचेचाळीसचं पण देऊ शकतं, फक्त साडेपाचच्या वेगाने. मग अडतं कुठे? चाकावर. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर असतं सुमारे १.६ टन वजन. कोरड्या डांबरावर रबराची पकड त्या वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १.१ टन. इंजिन कितीही मोठं लावा, चाक त्याहून जास्त ओढूच शकत नाही, जागेवर फिरतं. ओढताना वजन मागे सरकतं म्हणून पकड थोडी वाढते, पण मग ट्रॅक्टर तोंड उचलतो. टायरमध्ये पाणी भरणं, चाकाला लोखंडी वजनं लावणं, पुढच्या बंपरवर दोन गडी बसवणं हे सगळे उद्योग त्यासाठीच चालतात. आणि तरीही घाटात एक ट्रॉली खाली सोडून एकेक वर न्यावी लागते, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो. गावातल्या ड्रायव्हरला हे सगळं सूत्र न मांडता माहीत असतं. शोरूममधला माणूस मात्र एचपीच विकतो, कारण एचपी बोनेटवर लिहिता येतो.

(फोर व्हील ड्राइव्ह घेतला तर पुढच्या चाकांवरचं वजनही कामाला येतं, तो फायदा खरा आहे. पण सुक्या डांबरावर तो कायम लावून ठेवला की टायर आणि पुढचे गिअर खातो. फडातल्या चिखलातून बाहेर पडायला तो उत्तम. असो.)

चढ म्हणजे फार तर खोळंबा आणि जादा डिझेल. उताराचा हिशोब वेगळा आहे.

बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. २६ टनांची ही आगगाडी थांबवायला असतात ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचे ब्रेक. त्यांची कमाल ताकद तीच, १.१ टन, कारण पकड तीच. अर्धा टन गडगडण्याचा विरोध मदतीला धरा. सपाटीवर ताशी २५ च्या वेगात ब्रेक दाबला तर गाडी सुमारे चाळीस मीटरवर थांबते. तुमची कार त्याच वेगात चार-पाच मीटरवर थांबते. आता हेच वीसाला एक उतारावर करा. गुरुत्वाकर्षणच १.३ टनांनी पुढे ढकलतंय, हातात शिल्लक उरते ०.३ टन. थांबायला लागतात दोनशे मीटर. सोळाला एक उतार असेल तर शिल्लक शून्य. ब्रेक करकचून दाबलेला आहे आणि गाडी थांबत नाही! आणि हे सगळं नवे टायर, कोरडा रस्ता, सरळ वाट असं गृहीत धरून. ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकांकडे जातं आणि मागच्यांची पकड आणखी कमी होते, ते तर मी धरलेलंच नाही.

'लहान गिअरमध्ये उतरायचं, इंजिन आवरतं की' असं म्हणतात. बरोबर आहे, उतरायचं लहान गिअरमध्येच, डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्याला तर चाबकाने फोडला पाहिजे. पण इंजिनाचा ब्रेकसुद्धा त्याच दोन चाकांतून लागतो. पकडीची मर्यादा तो ओलांडू शकत नाही. त्यात ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे पेडल असतात, शेतात झटकन वळता यावं म्हणून. रस्त्यावर ते खटक्याने एकत्र अडकवायचे असतात. खटका नसला आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागचे २३ टन त्याच्यावर चढतात. धारूरच्या घाटातून कधी गेला असाल तर तिथल्या वळणांवर हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा.

ते अमेरिकन होडीवाले आठवतायत? त्यांच्या बहुतेक राज्यांत ट्रेलर साधारण दीड टनापुढे गेला की त्याला स्वतःचे ब्रेक लागतातच. ट्रकच्या डॅशबोर्डवर त्या ब्रेकचं वेगळं बटण असतं. दोन टनांच्या होडीला जे लागतं ते वीस टन उसाला आपल्याकडे चैन वाटतं.

पण याचा दोष एकट्या ट्रॅक्टर मालकाला देऊन मोकळं होणं मला पटत नाही. त्याचं गणित बघा. ट्रॅक्टरचं कर्ज बहुधा सहामाही हप्त्याचं. हंगाम किती दिवस चालेल याचा भरवसा नाही. २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत रेंगाळला होता, तर २०२४-२५ चा १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद पडले. हप्ता मात्र हंगाम बघत नाही. आणि ट्रॅक्टरचं कर्ज हे निम्मंच कर्ज आहे. दुसरं निम्मं उचलीचं. कारखाना वाहतूकदाराला करारावर ॲडव्हान्स देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्यांना. (शहरी वाचकांसाठी: एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायकोची जोडी. माणसं अवजाराच्या नावाने मोजायची पद्धत आहे आपल्याकडे.) टोळी आलीच नाही किंवा मध्येच निघून गेली तर कारखाना पैसे मागतो वाहतूकदाराकडे. त्याच्या सह्या झालेल्या असतात. म्हणजे नवा ट्रॅक्टर घेणारा हा गाडीचा मालक कमी आणि दहा-बारा संसारांच्या उचलीचा जामीनदार जास्त असतो. आणि तुम्ही-मी त्याचे जामीनदार.

अशा माणसाला टनावर पैसे मिळतात. ट्रॉली रचून भरली की एका खेपेत दोन टन जास्त बसतात. ते दोन टन रोज दिसतात, न लागलेला ब्रेक दिसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार दंड आणि वर टनाला दोन हजार असा कायदा आहे. पण ऊस आणि कारखाना म्हटल्यावर तो किती वेळा लावला जातो ते सांगायची गरज नाही. विम्याची आणखी एक गंमत. पॉलिसी काढलेली असते शेतीच्या वापराची आणि धंदा चालतो भाड्याने वाहतुकीचा. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

आणि ऊस तरी वजनकाट्यावर मोजला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ह्याच ट्रॉल्या जातात तेव्हा आत काय असतं? टोळी. भांडीकुंडी, पाल ठोकायचे बांबू, शेळ्या, कोंबड्या, आणि त्यावर बसलेल्या बायका आणि पोरं. तीनशे किलोमीटरच्या वर रस्ता, दिवसरात्र. त्यांना कुणी ब्रेकबद्दल विचारत नाही. हंगामात फडातून कारखान्याकडे जाताना मडगार्डवर किंवा उसाच्या मोळ्यांवर बसून जाणारी पण तीच माणसं. मी शाळेत असताना वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी व्हायची ती अशा गाड्यांवर बसून. तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा, शाळा बुडते म्हणून.

ट्रॉलीला ब्रेक बसवणं हे काही रॉकेट सायन्स नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे बसवता येतात, हवेचे बसवता येतात. त्याहून साधा प्रकार म्हणजे ट्रॉली मागून ढकलायला लागली की त्या ढकलण्यानेच दांडीतून ब्रेक ओढला जातो, ट्रॅक्टरला हातही लावावा लागत नाही. दोन ट्रॉल्यांच्या मागे एवढ्या वजनाला हवेचे किंवा हायड्रॉलिकच बरे.

पैसे? एक गाडी रोज वीस टनांची एक खेप करते आणि हंगाम शंभर दिवस चालतो असं धरा. दोन हजार टन. ब्रेक आणि चालू मागचे दिवे असलेल्या गाडीला कारखान्याने टनामागे वीस रुपये जास्त दिले तर हंगामाला चाळीस हजार होतात, दोन हंगामांत ऐंशी. २०२५-२६ ची एफआरपी टनाला ३५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते, म्हणजे हे वीस रुपये शेवटी शेतकऱ्यावर पडतील आणि तो ओरडेल हे मला कळतं. म्हणून ते कारखान्याने सोसावेत असं माझं म्हणणं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले ते कामगारांनी संप करून आणि बैठकांवर बैठका होऊन. ब्रेकसाठी संप कोण करणार? ज्याचा जीव जातो तो पुढच्या बैठकीला नसतो.

कारखाने काही करतील तेव्हा करतील. तोपर्यंत आपल्या हातात आहे तो डाऊन पेमेंटचा चेक. मी भावाला सांगितलं, पैसे देतो, पण ट्रॅक्टरसाठी नाही, ट्रॉलीसाठी. पन्नासच्या आतला घे, दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक, मागे दिवे, आणि विमा ज्या कामाचा आहे त्याच नावाने. तो गप्प बसला. मग काकूंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "तू म्हनतूस तसंच करंल त्यो, पण गावात कुणी अशी ट्रॉली बनवून देतंय का ते बी सांग."

रास्त प्रश्न आहे. त्याने तीन फॅब्रिकेशनवाल्यांना विचारलं. एक हसला. दुसरा म्हणाला, "ट्रॅक्टरला हायेत की ब्रेक." तिसऱ्याने एक्सल बदलावा लागेल म्हणून सांगितलंय, आणि पुढच्या आठवड्यात कोटेशन देतो म्हणालाय.