अशी माहिती ठेवलेली नाही

आम्हा मराठीच्या मास्तरांना एक खोड असते. कोणताही कागद हाती आला, की त्यात काय म्हटले आहे हे पाहण्याआधी आम्ही वाक्याचा प्रयोग ओळखू लागतो. या सदराच्या वाचकांना माझी ही खोड ठाऊक आहेच. लग्नपत्रिकासुद्धा मी लाल पेन घेऊन वाचतो, असे आमच्या घरात म्हणतात. तेव्हा ऐन दिवाळीत एका वाक्याचे व्याकरण मांडून बसलो, तर वाचकांनी ते पोटात घालावे.

वाक्य चारच शब्दांचे आहे : ‘अशी माहिती ठेवलेली नाही.’ प्रयोग कर्मणी. कर्ता? कर्ता अध्याहृत. माहिती कोणी ठेवायची होती आणि कोणी ठेवली नाही, याचा पत्ता वाक्य लागू देत नाही. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय श्रममंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तराचे हे मराठी. प्रश्न होता, टाळेबंदीत गावी परतताना किती मजुरांना मृत्यू आला? त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली काय, या पुढच्या प्रश्नावर उत्तर होते, की वरील उत्तर पाहता हा प्रश्न उद्भवत नाही.

हे उत्तर वर्तमानपत्रात वाचले आणि मी उठून कपाटातली एक वही काढली.

त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सुप्यावरून जाणारा पुणे-नगर रस्ता ज्यांनी पाहिला, त्यांना तो जन्मभर विसरता येणार नाही. एरवी या रस्त्यावर औद्योगिक वसाहतीच्या ट्रकांची आणि कांद्याच्या गाड्यांची रीघ. त्या दिवसांत रस्ता सुना, आणि कडेने माणसे चाललेली. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, पायांत फाटकी चप्पल. आळीतल्या बायकांनी पिठले-भाकरी करायची आणि आम्ही ती वाटायची, असा क्रम पडला. मला लिहिण्याची सवय, म्हणून शंभर पानी वही घेऊन मी बसू लागलो. रकाने आखले : नाव, गाव, कोठून निघाले, सोबत किती, फोन, आणि शेवटचा रकाना ‘पोहोचल्याचा निरोप’.

मध्य प्रदेशाकडे निघालेल्या एका वयस्क गवंड्याने मला विचारले, “मास्टरजी, नाम लिखने से क्या होगा?”

मी म्हणालो, “सरकारला कळेल.” त्याने नाव सांगितले, भाकरी घेतली आणि तो चालू लागला. पुढे ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. तेही जालन्याहून चालत मध्य प्रदेशाकडेच निघाले होते. ती बातमी ऐकून मी वही घेऊन बसलो आणि फोन लावू लागलो. काही लागले, काही लागले नाहीत. गवंड्याचा लागला नाही.

आता सांगा, माहिती ठेवलेली नाही म्हणजे काय? रस्त्यावरच्या एका मास्तराने ठेवली होती. वाटेतल्या प्रत्येक गावात कोणी ना कोणी अशी टिपणे केलीच असतील. प्रश्न एवढाच, की ती मागितली कोणी?

मागण्याची जागा म्हणजे संसद. आमच्या पोरांना वाटते, की संसद म्हणजे भाषणे आणि गोंधळ. पण संसदेचा खरा कणा म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, तेथेच विषय संपतो. परीक्षेतला लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा, असा हा फरक आहे. पाठ केलेला मुलगा लेखीत निभावतो, तोंडीत मास्तर म्हणतात, “बरे, पण का?” आणि तेथे त्याची खरी तयारी कळते. २०२० च्या सप्टेंबरातल्या अधिवेशनात हा तोंडी तासच गाळला गेला. शून्य प्रहर अर्ध्या तासावर आला. १ ऑक्टोबरपर्यंत चालायचे अधिवेशन २३ सप्टेंबरला आटोपले. कामगारांसंबंधीच्या तीन संहिता राज्यसभेत संमत झाल्या, त्या याच अखेरच्या दिवशी, विरोधी बाके रिकामी असताना. आमच्या वसाहतीतल्या कामगाराच्या नोकरीशी ज्यांचा थेट संबंध, ते हे कायदे!

आमचे एक शेजारी म्हणतात, “अहो सर, माणसे मरत असताना कसले प्रश्न विचारता? तेव्हा काम करायचे असते.” बोलणे वरवर शहाणपणाचे वाटते. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हाच्या अधिवेशनातही प्रश्नोत्तराचा तास काही दिवस बंद होता, असा दाखलाही लोक देतात. दाखला खरा आहे. पण त्याच अधिवेशनात, सीमेवर लढाई चालू असताना, सभागृहात युद्धावर दिवसेंदिवस चर्चा झाली, आणि पंतप्रधानांनी टीका ऐकून घेतली, हेही तितकेच खरे. २०२० साली २३ मार्चला संसद उठली, ती १४ सप्टेंबरपर्यंत भरलीच नाही. मधल्या काळात, १२ मे रोजी, वीस लाख कोटींच्या मदतीची घोषणा झाली. तिचा तपशील पुढचे पाच दिवस पत्रकार परिषदांतून सांगितला गेला. त्यातले खजिन्यातून किती आणि बँकांच्या कर्जातून किती, हे विचारण्याचा पहिला हक्क ज्यांचा, ते खासदार घरी बसून दूरदर्शन पाहत होते. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटले, असा पहिला अंदाज ३१ ऑगस्टला आला. तेव्हाही सभागृह बंदच होते.

इतरत्र काय झाले? ब्रिटिश कॉमन्स सभेने एप्रिल २०२० मध्येच काही सभासद पडद्यावर घेऊन प्रश्न सुरू ठेवले. न्यूझीलंडने तर सभागृह बंद करताना सरकारला जाब विचारण्यासाठी खास समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षनेत्याला दिले. आपल्याकडे संसदीय समित्यांना दूरस्थ बैठकांची परवानगी मिळाली नाही. गोपनीयतेचे कारण दिले गेले.

तरीही जेथे कोणी नेटाने विचारले, तेथे उत्तर निघाले, हे विसरता कामा नये. श्रममंत्रालयापाशी आकडा नव्हता. पण त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेविषयी नेमका प्रश्न आला, आणि श्रमिक गाड्यांतून प्रवास करताना ९७ जण दगावल्याचे रेल्वेमंत्र्यांनी सांगितले. आकडा होता. नेमके विचारायला हवे होते.

दुसरे उदाहरण प्राणवायूचे. राज्यसभेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये साथीवरचा अहवाल सभापतींना दिला. सरकार आरोग्यावर फार कमी खर्च करते, खासगी रुग्णालयांनी अवाच्या सवा पैसे घेतले, आणि रुग्णालयांच्या मागणीइतक्या प्राणवायूचे उत्पादन व्हायला हवे, हे त्यात होते. दुसऱ्या लाटेच्या पाच महिने आधी! हा अहवाल पुढे करून मंत्र्यांना छेडायचे, तर हिवाळी अधिवेशन हवे होते. ते रद्द झाले. एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी लोक कसे वणवण फिरले, ते येथे लिहीत नाही. वाचकांच्या घरांतही त्या आठवणी असतील. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर आले, की प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी निर्दिष्टपणे कळवलेले नाही. पुन्हा तेच व्याकरण. फक्त या वेळी कर्ता सापडला : राज्ये.

आणि राज्यांत तरी काय होते? दिल्लीत एक पक्ष, मुंबईत दुसरे. पण आमच्या विधिमंडळाची अधिवेशनेही सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२० आणि जुलै २०२१ मध्ये दोन-दोन दिवसांचीच झाली. प्रश्न चुकवण्याच्या बाबतीत सत्तेला पक्ष नसतो.

याच विधिमंडळाने एके काळी काय केले होते? १९७२ च्या दुष्काळात आमच्या नगर जिल्ह्यातली माणसे खडी फोडायला गेली. त्या कामांना हक्काचे रूप देणारी रोजगार हमी ज्यांच्या विचारातून आली, ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे देशाने तो धडा गिरवला. २०२० मध्ये गावी परतलेल्या मजुराला आधार मिळाला, तो याच धर्तीच्या कामाचा. केंद्राने त्यासाठी ४० हजार कोटी वाढवून दिले. संकटातून सावरण्याची वाट सभागृहातून जाते, याला आणखी कोणता पुरावा हवा? आणि माहितीच्या अधिकाराच्या लढ्याशी ज्याचे नाव जोडले गेले, ते राळेगणसिद्धी तर आमच्याच पारनेर तालुक्यात, सुप्याच्या शेजारी. प्रश्न विचारणे ही या मातीची सवय आहे.

असो. गेल्या आठवड्यात दिवाळीची साफसफाई करताना वही पुन्हा हाती आली. शेवटच्या रकान्यात बऱ्याच नावांपुढे माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘निरोप आला नाही.’ मी लाल पेन उचलले आणि थबकलो. हेही वाक्य तसलेच. निरोप आला नाही, म्हणजे काय? मी तीन-चारदा फोन केला आणि सोडून दिला. गवंड्याला ‘सरकारला कळेल’ असे सांगितले. पण ती वही मी ना तहसीलदारांकडे नेली, ना आमच्या खासदारांना तिच्याबद्दल पत्र लिहिले. ज्यांना दुरुस्त करायला निघालो, त्यांच्यात माझेही वाक्य आहे.

त्या ओळीखाली मी दुरुस्ती केली : ‘मी पुन्हा विचारले नाही.’ प्रयोग भावे, पण कर्ता स्पष्ट.

वहीची नक्कल काढली आहे. दिवाळी आटोपली की ती पत्रासोबत खासदारांना पाठवणार आहे. पत्रात एकच विनंती आहे, की पुढच्या अधिवेशनात यावर प्रश्न विचारावा. आणि जमल्यास तो तारांकित असावा.