करंडक मिळाला, क्लब बुडाला: आयर्लंडच्या फुटबॉलचं नेमकं कुठे चुकलं?

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड या आपल्या वडिलांच्या गावी येऊन गेले. त्या भेटीच्या बातम्या सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत सगळ्यांनी वाचल्या. त्याच महिन्यात तिकडे डब्लिनमध्ये त्यांच्या सरकारपुढे एक वेगळंच दुखणं येऊन पडलं होतं. देशाच्या फुटबॉल संघटनेवर, म्हणजे एफएआयवर, सुमारे साडेपाच कोटी युरोंची देणी असल्याचं उघड झालं होतं. संघटना बुडणार की सरकार तिला वाचवणार, एवढाच प्रश्न उरला होता.

सरकारने वाचवलं. पण संघटनेच्या किती तरी आधी त्या देशातले क्लब याच वाटेने गेले होते. तिथे कुणी धडा घेतला असता तर २०१९ ची वेळ कदाचित आली नसती.

पाच वर्षं, चार विजेते, चौघेही अडचणीत

आयर्लंडच्या लीगची २००५ ते २००९ ही पाच वर्षं पाहा. २००५ ला कॉर्क सिटी विजेते ठरले. २००६ ला शेलबर्न, २००७ ला ड्रॉहेडा युनायटेड, तर २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं बोहेमियन्स. हे चारही क्लब पुढच्या काही वर्षांत आर्थिक संकटात सापडले.

शेलबर्नची गत सगळ्यात वाईट. २००४ मध्ये हाच क्लब चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्यापर्यंत जाऊन भिडला होता. २००६ ला विजेतेपद मिळालं आणि पुढच्या हंगामाआधीच क्लबला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आलं. मैदानावर हरल्यामुळे नव्हे, पैशांचा ताळमेळ बसत नव्हता म्हणून. टोल्का पार्क या आपल्या मैदानाच्या जागेचा व्यवहार होईल आणि सगळी देणी फिटतील, या हिशोबावर खर्च चालला होता.

ड्रॉहेडाची गोष्ट फार वेगळी नाही. मालकांची भिस्त शहराबाहेर नवं स्टेडियम उभारण्याच्या योजनेवर होती. ती मार्गी लागली नाही आणि विजेतेपदाला वर्ष होतंय न होतंय तोच, २००८ मध्ये क्लबने कोर्टाचं संरक्षण मागितलं. आयर्लंडमध्ये याला ‘एक्झामिनरशिप’ म्हणतात. कोर्टाने नेमलेला माणूस ठरावीक मुदतीत कंपनीची घडी पुन्हा बसवायचा प्रयत्न करतो आणि तोवर सावकारांना वसुली करता येत नाही. लीगने मात्र त्याबद्दल ड्रॉहेडाचे १० गुण कापले.

त्याच वर्षी कॉर्क सिटीचेही १० गुण गेले. क्लब चालवणाऱ्या गुंतवणूक कंपनीने हात काढून घेतला होता. नवीन मालक आला, पण पगार आणि कर थकतच राहिले. शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये क्लब चालवणारी कंपनी कोर्टाने बंद केली.

येणाऱ्या पैशावर आजचा संसार

हे सगळे एकाच काळात कसे अडकले? त्या वर्षांत आयर्लंडमध्ये जमिनीचे भाव गगनाला भिडले होते. क्लबांकडे मोठी कमाई नव्हती. सामन्याला दोन-चार हजार प्रेक्षक, टीव्हीचे पैसे जवळपास नाहीत, आणि घराघरांत पाहिले जायचे ते इंग्लंडचे सामने. पण शहराच्या मध्यावर मैदान मात्र होतं. कुठे त्या जमिनीवर, तर कुठे एखाद्या बिल्डरच्या किंवा गुंतवणूकदाराच्या भरवशावर क्लबांनी खेळाडूंना पूर्णवेळ पगार सुरू केले.

बोहेमियन्सने तर २००६ मध्ये डॅलीमाउंट पार्क सुमारे साडेसहा कोटी युरोंना देण्याचा व्यवहार ठरवला. बिल्डर होते लियम कॅरोल. पैसे हातात पडायच्या आधीच ते येणार असं धरून खर्च झाला. २००९ ला कॅरोल यांचाच डोलारा कोसळला आणि क्लबच्या हाती कर्ज राहिलं. पुढे २०१५ मध्ये डब्लिन महापालिकेने तेच मैदान घेतलं, ३८ लाख युरोंना. साडेसहा कोटी कुठे आणि ३८ लाख कुठे!

नियम नव्हते असंही नाही. उत्पन्नाच्या ६५ टक्क्यांहून जास्त रक्कम पगारावर घालवायची नाही, असा दंडक होता. पण मालकाने खिशातून घातलेला पैसाही त्यात उत्पन्न म्हणून धरता यायचा. मालक आहे तोवर कागद बरोबर, मालक गेला की तिजोरी रिकामी. डेरी सिटीने तर खेळाडूंशी नोंद नसलेले दुसरे करार केल्याचं उघड झालं आणि २००९ च्या अखेरीस त्यांना लीगबाहेर काढण्यात आलं.

या सगळ्यात भरडला जातो तो खेळाडू आणि गावातला प्रेक्षक. जून २०१२ मध्ये मोनाहन युनायटेडने हंगाम अर्ध्यावर टाकून माघार घेतली. अशा वेळी खेळाडू मध्येच बेकार होतो आणि वर्षाचा पास काढून बसलेला माणूस नुसता बघत राहतो.

संघटनेचाही तोच कित्ता

क्लबांवर देखरेख ठेवणारी एफएआय तरी वेगळी वागली का? डब्लिनचं लॅन्सडाउन रोड मैदान नव्याने बांधलं गेलं आणि २०१० ला खुलं झालं. त्यातल्या महागड्या दहा वर्षांच्या आसनांच्या विक्रीवर संघटनेने आपला वाटा फेडायचं गणित मांडलं होतं. तोवर मंदी आली आणि आसनं खपली नाहीत.

मार्च २०१९ मध्ये बातमी फुटली की संघटनेचे मुख्य कार्यकारी जॉन डेलेनी यांनी २०१७ मध्ये संघटनेलाच एक लाख युरो उसने दिले होते. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या संस्थेला साहेबांच्या खिशातून पैसे का घ्यावे लागले, हा प्रश्न संसदीय समितीपुढे आला. वकिलांच्या सल्ल्याचा हवाला देत डेलेनींनी त्यावर बोलायचं टाळलं. सरकारी अनुदान थांबलं, डेलेनी गेले, आणि डिसेंबरात हिशोब दुरुस्त होऊन पुढे आले तेव्हा नफ्याच्या जागी तोटा निघाला. डेलेनींचा वार्षिक पगार ३ लाख ६० हजार युरो होता. लीग जिंकणाऱ्या क्लबाला मिळणारं बक्षीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होतं.

जानेवारी २०२० मध्ये सरकारने वर्षाचं अनुदान दुप्पट केलं, बिनव्याजी कर्ज दिलं, आणि बदल्यात कारभारात बाहेरचे स्वतंत्र संचालक घेण्याची अट घातली.

सावरले ते कसे?

शॅमरॉक रोव्हर्सचं मैदान १९८७ मध्ये मालकांनी विकलं. त्यानंतर २२ वर्षं हा क्लब बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला. २००५ मध्ये एक्झामिनरशिप झाली, खालच्या श्रेणीत घसरण झाली. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून क्लब ताब्यात घेतला. २००९ ला ते टॅलाच्या मैदानात आले. ते मैदान स्थानिक कौन्सिलचं, त्यामुळे कुणी विकून खाण्याचा प्रश्नच नाही. २०१० आणि २०११ ला विजेतेपद, पुढे २०२० पासून सलग चार. आज बाहेरचे गुंतवणूकदार आहेत, पण अर्धी मालकी सभासदांकडे आहे.

सभासदांची मालकी म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. बोहेमियन्स सभासदांचाच होता, तरी फसला. कॉर्क चाहत्यांनी उभा केला, २०१७ ला लीग आणि कप दोन्ही जिंकले, पण २०२० मध्ये जुन्या खेळाडूंच्या पुढच्या विक्रीतला आपला हिस्सा रोखीसाठी आधीच विकून टाकावा लागला. डंडॉक दोनदा युरोपा लीगच्या गटात खेळला, अमेरिकी मालक आले नि गेले, आणि २०२४ ला क्लब बंद पडता पडता वाचला.

आता पुन्हा बरे दिवस आहेत. प्रेक्षक वाढलेत. ब्रेक्झिटनंतर १८ वर्षांखालची मुलं इंग्लंडला जाऊ शकत नाहीत, त्यामुळे ती आयरिश क्लबांतच खेळतात आणि पुढे विकली गेली की चांगली रक्कम येते. युरोपात लीग टप्प्यापर्यंत गेलं की लाखो युरो मिळतात. शेलबर्नने २००६ नंतरचं पहिलं विजेतेपद २०२४ ला जिंकलं.

पण युरोपचा पैसा दरवर्षी येईलच असं नाही, आणि खेळाडूचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. २००६ मध्ये जमिनीवर जो भरवसा टाकला, तोच आता युरोपच्या बक्षिसावर टाकला तर शेवट वेगळा होणार नाही. शेलबर्नच्या जुन्या चाहत्यांना हे कुणी सांगायची गरज नाही. त्यांनी करंडकही पाहिलाय आणि त्यानंतरचं वर्षही.