भाषणातली अमेरिका आणि वडखळचा रस्ता

पळस्पे फाट्याला रस्ता दुभंगतो. एक वाट पुण्याकडे जाते, दुसरी पेणवरून गोव्याकडे. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याचे कोकण इथूनच सुरू होते. गेल्या कित्येक वर्षांत या चाकरमान्याने रस्त्याबद्दल जेवढी भाषणे ऐकली, तेवढी क्वचितच कोणी ऐकली असतील.

पुढाऱ्याच्या भाषणात कोणत्या परदेशाचे नाव सर्वाधिक वेळा येईल, हे सभेपूर्वीच सांगता येईल का? वाटते तितके ते अवघड नाही. प्रसंग पाहावा. लोकसभेची निवडणूक असेल, तर पाकिस्तान. प्रकल्पाचा समारंभ असेल, तर पैसा कोणाचा ते पाहावे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला कर्ज जपानचे. २०१७ मध्ये तिच्या भूमिपूजनाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे स्वतः हजर होते. शहर सुधारायचे असेल, तर चीन. मुंबई अशी बदलू की लोक शांघाय विसरतील, असे स्वप्न मनमोहन सिंग यांनी २००४ मध्ये बोलून दाखवले होते. आणि रस्ते निघाले की अमेरिका. २०२४ संपण्यापूर्वी आपले रस्ते अमेरिकेच्या तोडीचे होतील, असे नितीन गडकरी यांनी २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले होते. 'कोकणचा कॅलिफोर्निया' तर घरोघरी पाठ आहे.

परदेशाचे नाव घेण्यात गैर काही नाही. चांगले ते पाहावे, जमेल ते उचलावे. जपानच्याच कर्जाच्या मदतीने उभा राहिलेला शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झालाच की! पण पळस्प्यापासून माणगाव तालुक्यातल्या इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटर रस्त्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि एक तप उलटले तरी रेंगाळतच राहिले. दर गणपतीआधी खड्डे बुजवण्याची धावपळ मात्र नेमाने झाली.

समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी अमेरिका पाहिलेली असते. वडखळ सगळ्यांनी पाहिलेले असते. म्हणूनच अमेरिकेचे नाव घेणे सोपे आणि वडखळचे अवघड.

तेव्हा पुढच्या सभेच्या वेळी घरातल्या मुलांच्या हाती एक वही द्या. एका रकान्यात परदेशांची नावे, दुसऱ्यात पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. भाषण संपले की मोजा. पहिल्या रकान्याचे भाकीत कोणीही करील. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर त्याचा जाब विचारणे हे आपले काम आहे.