न विचारलेले प्रश्न

पेढीवर नवा मुलगा बसू लागला की त्याला कोणी समोर बसवून धडे देत नाही. तो वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसतो, पाहतो, ऐकतो आणि सांगितलेले काम निमूटपणे करतो. उलट प्रश्न विचारणे तेथे उद्धटपणाचे मानले जाते. या शिस्तीवर अनेक पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. विज्ञानाच्या क्षेत्रात मात्र शिष्याने शंका घ्यावी, प्रसंगी गुरूचे म्हणणे खोडून काढावे, अशी अपेक्षा असते. गुरू आणि शिष्य भिन्न संस्कृतींतील असतील तर हे अंतर किती वाढते, हे श्रीनिवास रामानुजन आणि केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांच्या सहवासातून ध्यानात येते.

१९१२ साली रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात दरमहा ३० रुपये वेतनावर कारकून होते. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी हार्डींना पत्र लिहिले आणि सोबत आपल्या सिद्धान्तांची पाने जोडली. सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. हिशेबनीसाच्या भाषेत सांगायचे तर शिल्लक मांडली होती, पण व्हाउचर जोडलेले नव्हते. हार्डींनी आपले सहकारी लिटलवूड यांच्यासह ती पाने तपासली आणि लिहिणाऱ्याची योग्यता ओळखली. समुद्रपर्यटनाविषयी घरी असलेला विरोध मावळल्यानंतर मार्च १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला निघाले.

गणिताच्या बाबतीत हार्डींचे मार्गदर्शन विलक्षण समंजस होते. पाश्चात्य पद्धतीत सिद्धतेवाचून विधानाला मोल नाही. तथापि या शिष्याला पहिल्या पायरीपासून शिकवू लागलो तर त्याचा आत्मविश्वास आणि स्फूर्ती नाहीशी होईल, ही भीती त्यांना होती. म्हणून अत्यावश्यक तेवढेच त्यांनी शिकवले व उरलेल्या वेळात बरोबरीच्या नात्याने काम केले. आपण रामानुजनांना जे दिले त्याहून अधिक त्यांच्याकडून घेतले, असे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे.

उणीव राहिली ती अन्यत्र. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींची चौकशी न करणे ही इंग्रजी सभ्यता. वडीलधाऱ्यांनी विचारल्यावाचून आपले दुःख न सांगणे ही भारतीय विद्यार्थ्याची मर्यादा. दोन्ही संस्कार आपापल्या जागी उत्तमच. परंतु ते एकत्र आले की कोणीच बोलत नाही. केंब्रिजच्या थंडीत रामानुजन पांघरुणांच्या आत न शिरता बिछान्यावरच ओव्हरकोट व शाल लपेटून झोपत, हे लक्षात आले ते तेथे शिकत असलेल्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या. पांघरुणे कशी घ्यायची, हे त्यांनी करून दाखवले. रामानुजन कटाक्षाने शाकाहारी. स्वतः रांधून जेवत. त्यात महायुद्धामुळे जिन्नस मिळणे कठीण झाले. १९१७ मध्ये ते गंभीर आजारी पडले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, १९१९ मध्ये ते स्वदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी निवर्तले.

आज व्यापारी घरांतील मुले-मुली संशोधनासाठी बंगळूरु, पुणे, जर्मनी, अमेरिका येथे जातात. तेथील मार्गदर्शक मतभेदाची वाट पाहत असतो. विद्यार्थी आदराने मान डोलावतो. त्या मौनाचा अर्थ एकाच्या लेखी विनय, दुसऱ्याच्या लेखी अनास्था. मतभेद म्हणजे अवमान नव्हे, हे मार्गदर्शकाने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले तर पुष्कळ गैरसमज टळतील.

घराचे कर्तव्य त्याहून आधीचे आहे. दुकानाच्या हिशेबावर मुलाने वा मुलीने शंका काढली तर तिला रागावून गप्प न करता आकडे दाखवावेत. ज्याला घरी विचारण्याची मोकळीक नाही तो प्रयोगशाळेत एकाएकी कसा विचारील? कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या मुलाने आपल्या आहाराचे नियम वसतिगृहात संकोच न धरता सांगावेत, हेही आधीच शिकवावे. आणि दूरध्वनीवर निकालाची चौकशी करण्यापूर्वी त्याचे जेवण, झोप आणि मार्गदर्शकांशी झालेले बोलणे यांची विचारपूस व्हावी. एवढ्या चौकशीला खर्च काही नाही, आणि मूल अडचणीत असेल तर ते वेळीच कळते.