आजींची वही

कोलकात्याच्या पूर्वेस असलेल्या सॉल्ट लेक वसाहतीची जमीन मनुष्याने घडविलेली आहे. १९६२ पासून काही वर्षे हुगळीच्या तळाचा गाळ पाण्यात मिसळून नळांवाटे येथील खाऱ्या पाणथळीत आणून टाकण्यात आला. डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी हा उद्योग मनावर घेतला. म्हणून वसाहतीचे सरकारी नाव बिधाननगर.

येथील एका मराठी बिऱ्हाडात खानदेशच्या शेतकरी घराण्यातील एक आजी राहत असत. नव्वदी ओलांडून गेल्या वर्षी त्या निवर्तल्या. मुलाकडे आल्या त्या दिवशीच दारापुढच्या वाफ्यातील माती चिमटीत चोळून त्यांनी सांगितले होते की, ही वावरातली माती नव्हे, नदीतली आहे. भरावाची हकीकत तोवर त्यांच्या कानी कोणी घातली नव्हती!

त्यांना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. त्या उतरवून घ्याव्यात असे मी तीनदा ठरविले आणि तिन्ही वेळा 'पुढच्या रविवारी' म्हणून राहून गेले.

आपणांस बहिणाबाई चौधरी आठवल्या असतील. २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे येथे महाजनांच्या शेतकरी घरी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या घरी सून म्हणून आल्या. ऐन तिशीत वैधव्य आले. शेत, घर, मुलेबाळे सारे त्यांच्यावरच पडले. त्यांना अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात राबताना ओव्या मुखातून निघत, त्याही घरच्या बोलीत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने व एका नातलगाने त्यांतील काही टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी त्या ओव्या आचार्य अत्रे यांना दाखविल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास देण्यात आले. पण ज्या दिवशी जवळ लिहिणारे कोणी नव्हते, त्या दिवशीच्या ओव्यांचे काय झाले असेल? हा विचार मला अलीकडे फार छळतो.

आपल्या घरी अशी वडीलधारी बाई असेल, तर तिला "तुमचे आयुष्य सांगा" असे मात्र विचारू नका. "काय सांगायचं, बाई!" म्हणून ती गप्प होईल. बैलांची नावे विचारा. सासरी पहिल्या दिवशी काय रांधले, विहिरीला पाणी किती हातांवर होते, कोणत्या साली पेरा वाया गेला, हे विचारा. ती बोलेल तसेच लिहा. तिची भाषा शुद्ध करण्याचा शहाणपणा नको. मुलांना तो मोह आवरत नाही, आपल्यालाही नाही.

आजींच्या सूनबाईंनी परवा मला एक वही दाखविली. तीत चारच ओव्या आहेत. दुसरीतील मधली ओळ घरात कोणालाच आठवेना, म्हणून तेवढी जागा त्यांनी कोरी सोडली आहे.